तेल सोडण्याआधी तेल मोजा

रक्ताचा रिपोर्ट हातात पडला आणि कोलेस्टेरॉलच्या आकड्यापुढे ठळक खूण दिसली, की घरात पहिली गदा येते ती तेलाच्या किटलीवर. दुसऱ्या दिवसापासून वरण बिनफोडणीचं, भाज्या उकडलेल्या, भाकरी कोरडी. माझ्या आईनेही हेच केलं होतं. पंधरा दिवसांत ती त्या जेवणाला विटली. संध्याकाळच्या चहाबरोबर खारी मात्र चालू होती, कारण खारीत कुठे तेल दिसतं? पण तिचे पापुद्रे सुटतात तेच मुळी थराथरांत लाटलेल्या वनस्पती तुपामुळे किंवा मार्गारिनमुळे. जे दिसत होतं ते आईने सोडलं आणि जे दिसत नव्हतं ते पोटात जात राहिलं.

म्हणून चांगलं खायला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं असतं की आधी मोजा, मग ठरवा. किती तेल लागतं, असं विचारलं तर बहुतेक घरांत 'फार नाही' एवढंच उत्तर मिळतं. डबा फोडला की त्यावर पेनाने तारीख घाला आणि तो संपेल त्या दिवशी हिशेब करा. समजा, चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपलं. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते साधारण ४,५७५ ग्रॅम भरतं. म्हणजे माणशी दिवसाला ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत एका दिवसाचं २,००० किलोकॅलरींचं जे नमुना ताट दिलं आहे, त्यात तेल-तूप मिळून आहे २७ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट सहा चमचे. फरक ११ ग्रॅमचा. प्रत्येक ग्रॅम स्निग्धांशातून ९ किलोकॅलरी मिळतात (पिठूळ पदार्थ आणि प्रथिनांतून ४), त्यामुळे हा फरक रोज शंभर किलोकॅलरींचा होतो. चौघांना साडेतीन लिटर पुरायला हवं. पुढचा महिनाभर फोडणीला पळीऐवजी चहाचा चमचा वापरून बघा. माझ्या स्वयंपाकघरातल्या पळीत तीन चमचे तेल मावतं, हे मला मोजल्यावरच कळलं.

हे झालं दिसणारं तेल. शेंगदाण्याचं वजन जवळजवळ निम्मं स्निग्धांशाचं, तिळाचंही तसंच, सुक्या खोबऱ्याचं तर साठ टक्क्यांच्या वर. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी तुपात परतून वर मूठभर कूट घातला, की दिवसाचा बराचसा वाटा एका बशीत संपतो. दाणे आणि तीळ वाईट नाहीत. त्याच नमुना ताटात सुकामेवा आणि तेलबियांना ३५ ग्रॅमची जागा दिलेली आहे. फक्त कूट सढळ असेल त्या भाजीला कमी तेल पुरतं, एवढं लक्षात ठेवायचं.

मग शून्यावर का जायचं नाही? १९२९ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांश पूर्ण वगळलेला आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली, कातडीला आणि शेपटीला खवले धरले. त्यातून पुढे कळलं की काही मेदाम्लं (स्निग्धांश ज्यांचा बनतो त्या कार्बनच्या लांब साखळ्या) शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच घ्यावी लागतात. माणसासाठी अशी दोन आहेत: लिनोलेइक आणि अल्फा लिनोलेनिक.

दुसरं कारण मिसळीच्या तर्रीत दिसतं. रश्श्यावर तरंगणारं तेल लालभडक होतं, कारण मिरचीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. गाजराचा केशरी रंग याच कुळातला. त्यातल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. पोटात स्निग्धांशच नसेल तर हे कॅरोटीन आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. ड, ई आणि के या जीवनसत्त्वांचंही तसंच. गाजराच्या कोशिंबिरीवर चमचाभर तेलाची फोडणी आणि थोडा कूट घालण्याची आपल्याकडची रीत मला म्हणूनच फार मोलाची वाटते. ती फोडणी काढून टाकू नका.

आता कोणतं तेल, हा प्रश्न. थंडीत खोबरेल बाटलीत गोठतं, करडईचं तेल मात्र वाहतं राहतं. संपृक्त (सॅच्युरेटेड) मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असतात. चळतीत रचलेल्या काड्यांसारख्या त्या एकमेकींना चिकटून बसतात आणि तेल घट्ट होतं. असंपृक्त साखळ्यांना मध्येच बाक असतो, त्यामुळे त्या नीट रचल्या जात नाहीत. खोबरेल जवळजवळ नव्वद टक्के संपृक्त, तूप साठच्या आसपास, पामतेल निम्मं, शेंगदाणा तेल वीसच्या आत. संपृक्त मेदाम्लं जास्त झाली की यकृतावरची, एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल रक्तातून उचलणारी ग्राहक प्रथिनं (रिसेप्टर) कमी पडतात आणि रक्तातला आकडा चढतो. या ग्राहक प्रथिनांचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी संपृक्त मेदातून यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरण-भातावर चमचाभर तूप यात सहज बसतं. बाटलीवरचं 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून मात्र हुरळून जायचं कारण नाही. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं, वनस्पतींपासून काढलेल्या कुठल्याही तेलात ते जवळजवळ नसतंच.

सगळ्यात वाईट ट्रान्स मेद. तेलात हायड्रोजन घालून वनस्पती तूप करताना काही साखळ्यांचा बाक सरळ होतो. १९९० मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि कॅटन यांनी दाखवलं की हे मेद एलडीएल वाढवतात आणि वर चांगलं एचडीएलही कमी करतात. जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेलं आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आहे. हे फार चांगलं झालं. पण ट्रान्स गेलं म्हणून खारी-नानकटाईतला संपृक्त मेद जात नाही, तो पुड्यावरच्या तक्त्यात वेगळ्या ओळीत वाचावा लागतो.

सणासुदीला तळण होणारच. पुरी तेलात असते तेव्हा तिच्यातल्या पाण्याची वाफ जोराने बाहेर येत असते, बुडबुडे दिसतात ते तेच. ती वाफ तेलाला आत शिरू देत नाही. पुरी बाहेर काढल्यावर वाफ निवते, आत पोकळी होते आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल त्या पोकळीत ओढलं जातं. बटाट्याच्या तळणीवरच्या अभ्यासांत बरंचसं तेल असं बाहेर काढल्यानंतरच आत गेलेलं आढळलं. म्हणून झाऱ्यावरची पुरी कढईवरच थोडी तिरकी धरून निथळवा आणि गरम असतानाच कागदावर टिपा. ताटात रचून गार झाल्यावर टिपून उपयोग होत नाही.

आईच्या ताटात आता फोडणी परत आली आहे. खारी गेली, तिच्या जागी भाजलेले चणे आले. आणि भाकरीबरोबर जवसाची चटणी. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा लिनोलेनिक असतं, रोजच्या शाकाहारी जेवणात जे कमी पडतं तेच. जवस अख्खा खाल्ला तर बराचसा तसाच बाहेर पडतो. म्हणून भाजून कुटायचा, आणि चटणी आठवडाभर पुरेल एवढीच करायची, कारण हे तेल हवेने लवकर खवट होतं.