बिझनेस केस स्पर्धेत भाग घ्यायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

केस स्पर्धा म्हटली की आपल्याकडच्या बी.कॉम., बीबीएच्या मुलांना वाटतं, हे आयआयएमवाल्यांचं काम. तसं अजिबात नाही. कंपनीची एखादी अडचण समोर येते, तिचे आकडे तपासायचे आणि काय करावं ते परीक्षकांपुढे मांडायचं. ही केस पद्धत हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये १९२० च्या दशकात रुजली. कॅनडात माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात तर १९८१ पासून एमबीएच्या मुलांची जॉन मोल्सन स्पर्धा भरते. तिथे चौघांच्या टीमला तयारीसाठी ३ तास मिळतात. आपल्याकडे सहसा काही दिवस हाताशी असतात. तरीही चांगल्या टीम बाद होतात, आणि बऱ्याचदा कारण असतं एखादा कागद. कॉलेजात हे अर्ज भरून घ्यायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी पात्रता

पोस्टरवरची बक्षिसाची रक्कम नंतर बघा, आधी नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. स्पर्धा फक्त एमबीएसाठी आहे की पदवीच्या मुलांनाही चालते? पूर्णवेळ अभ्यासक्रमाची अट आहे का? टीम कितीची? सगळे एकाच कॉलेजचे हवेत का? प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं असतं. लॉरिअल या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या ब्रँडस्टॉर्म स्पर्धेत १८ ते ३० अशी वयाची अट असते. गुंतवणूक क्षेत्रातल्या सीएफए इन्स्टिट्यूट या संस्थेच्या रिसर्च चॅलेंज स्पर्धेत टीम ३ ते ५ जणांची लागते आणि प्राध्यापक मार्गदर्शकही लागतो. तिथे परस्पर नाव देता येत नाही, कॉलेजमार्फतच जावं लागतं. काही कंपन्या ठरावीक कॅम्पसनाच बोलावतात. यादीत आपलं कॉलेज दिसलं नाही, तर आयोजकांना मेल करून विचारा. विचारायला संकोच कसला?

एका वर्षी आमच्या टीममधला तिसरा मुलगा त्याच शिक्षणसंस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात एम.कॉम. करत होता. आवार एक, गेट एक, कॅन्टीनही एकच. पण कॉलेज वेगळं. पहिली फेरी पार पडली आणि कागद तपासताना टीम बाद झाली. त्यातल्या मुलीने पंधरा दिवस किराणा दुकानं पालथी घालून बिस्किटांच्या खपाचे आकडे वहीत उतरवले होते. ती वही आठवली की आजही वाईट वाटतं. तो नियम मी आधीच वाचून दाखवायला हवा होता.

नोंदणी

देशातल्या बऱ्याच स्पर्धांची नोंदणी अनस्टॉप या वेबसाइटवर होते, म्हणजे पूर्वीचं डेअर-टू-कम्पिट. एकाने लीडर म्हणून टीम तयार करायची आणि बाकीच्यांना आमंत्रण पाठवायचं. ते प्रत्येकाने मुदतीच्या आत स्वीकारायला हवं, नाहीतर टीम अपुरी राहते. एकाच मुलाचं नाव दोन टीममध्ये आलं तर सहसा दोन्ही अडचणीत येतात. नोंदणीसाठी कोणी पैसे मागत असेल, तर भरण्याआधी ती लिंक कॉलेजात दाखवा.

कागदपत्रं

चालू वर्षाचं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. वैधतेची तारीख बहुतेक वेळा मागच्या बाजूला असते. बोनाफाईड दाखला मागितला जाईलच असं धरून चाला. ऑफिसच्या खिडकीवर अर्ज दिल्यावर सही-शिक्क्याला दोन-तीन दिवस लागतात, परीक्षेच्या दिवसांत त्याहून जास्त. दाखल्यावर वर्ग आणि शैक्षणिक वर्ष आहे ना, ते खिडकीवरच वाचून घ्या.

खरी गोची नावात होते. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, वडिलांचं आणि आईचं नाव असतं. आधारवर क्रम वेगळा, आणि नोंदणी करताना मुलं नुसतं 'स्नेहा पी.' लिहून मोकळी होतात. पुढे प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. म्हणून ओळखपत्रावर जसं आहे तसंच पूर्ण नाव भरा. बायोडेटा, कॉलेजचा ईमेल असेल तर तो, आणि प्राचार्यांचं ना-हरकत पत्र एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

सादरीकरण पाठवताना

स्लाइडची मर्यादा पाळा. मुखपृष्ठ आणि परिशिष्ट त्यात धरायचं का, तेही वाचा. काही स्पर्धांत स्लाइडवर कॉलेजचं नाव किंवा लोगो चालत नाही, अगदी फाइलच्या नावातही नाही. पीडीएफ केल्यावर ती मोबाइलवर उघडून बघा, कारण देवनागरी अक्षरं आणि तक्ते कधीकधी विस्कटतात. रात्री ११:५९ ची मुदत असेल तर संध्याकाळीच अपलोड करा आणि पोचपावतीचा स्क्रीनशॉट ठेवा.

अंतिम फेरीत पोचलात तर

प्रवासखर्च कोण देणार, हे आयोजकांकडून मेलवर लेखी घ्या आणि तिकिटं, पावत्या जपून ठेवा. बक्षिसासाठी पॅन आणि रद्द केलेला चेक मागतात; रकमेतून नियमानुसार टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला जातो. जाण्याआधी विभागप्रमुखांकडे रजेचा अर्ज द्या. परत आल्यावर प्रमाणपत्राची झेरॉक्स त्याच अर्जाला जोडा, म्हणजे त्या दिवसांच्या हजेरीसाठी सत्राच्या शेवटी धावपळ करावी लागणार नाही.