तो सिंथ डीजेने घातलेला नाहीये!

आफ्रिकन डिस्कोचा एखादा रिमिक्स आला की कुणीतरी म्हणतंच, मूळ गाणं म्हणजे नुसते ढोल आणि ताल असणार, इलेक्ट्रॉनिक भाग सगळा आताच्या डीजेने वरून चढवलाय. अहो नाही हो!

नायजेरियातल्या एनुगूचा विल्यम ओन्याबोर घ्या. १९७७ ते १९८५ मध्ये या माणसाने आठ अल्बम काढले, स्वतःच्याच विल्फिल्म्स लेबलवर, आणि त्यात सिंथसायझर (म्हणजेच सिंथ, विजेवर नाना आवाज काढणारं कीबोर्डसारखं वाद्य) खच्चून भरलेत, ड्रम मशीनसुद्धा आहे. १९८३ चं 'गुड नेम' मूळ रूपात ऐका, दहा मिनिटं तेच मशीन ठकठक करतंय, वर सिंथची पिरपिर चाललीय आणि बाबा निवांतपणे सांगतोय की चांगलं नाव पैशाने विकत मिळत नाही. कुणीही हात न लावता ते कालच केल्यासारखं वाटतं (मी तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा साल दोनदा तपासलं).

मग डीजे करतात काय? बऱ्याचदा सुरुवातीचा ताल लांबवतात म्हणजे आधीच्या गाण्यातून शिरता येतं, टेम्पो म्हणजे गाण्याचा वेग एका रेषेत आणतात, बेस वाढवतात, गाणं थोडं कापतात. काही जण अख्खं गाणं नव्याने करतात, हॉट चिप या बँडने ओन्याबोरचं 'ॲटमिक बॉम्ब' केलं तसं, पण ते मूळ १९७८ चं. २०१३ मध्ये लुआका बॉप या लेबलने ओन्याबोरच्या गाण्यांचं संकलन काढलं आणि जगाला तो 'सापडला'. तोवर त्याने संगीत कधीच सोडलेलं, धर्माकडे वळलेला, जुन्या गाण्यांबद्दल बोलायलाही फारसा तयार नसायचा.