बंद गिट्टी खदान पुन्हा हिरवी करायचीय? नागपूर जिल्ह्यात अर्ज कोणी, कुठे, कोणत्या कागदांसह करायचा

पाचगाव, हिंगणा किंवा कळमेश्वरकडे गावाला लागून गिट्टीची बंद खदान असेल, तर ग्रामपंचायतीच्या बैठकीत पहिला विषय निघतो तो झाडं कोणती लावायची याचा. तो शेवटी घ्या. आधी विचारा, की ही खदान नीट करून देणं कोणाच्या अंगावर आहे? उत्तर बहुतेक वेळा पट्टेदाराच्याच, म्हणजे सरकारकडून खाणपट्टा घेऊन दगड काढणाऱ्याच्याच, दारात जाऊन थांबतं. गाव मात्र वर्गणी काढून रोपं आणतं आणि पट्टेदार सुटतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या 8 जानेवारी 2020 च्या आदेशानुसार खाणकाम संपल्यावर खणलेल्या आणि खाणकामामुळे बिघडलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून देणं, ती चारा आणि वनस्पती वाढण्याजोगी करणं ही पट्टेदाराची जबाबदारी आहे. ही अट पर्यावरण मंजुरीत घालावी, असं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याच महिन्यात कळवलं. त्यामुळे खदानीची पर्यावरण मंजुरी हा तुमचा सगळ्यात कामाचा कागद. तो केंद्राच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या ‘परिवेश’ पोर्टलवर शोधा. तिथे नाही मिळाला तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेकडे 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. अर्जात “खदानीची सर्व माहिती द्या” असं मोघम लिहू नका. पट्ट्याचा आदेश आणि करारनामा, मंजूर खाणकाम आराखडा, पर्यावरण मंजुरी, पट्टेदाराचे सहामाही अनुपालन अहवाल (मंजुरीच्या अटी पाळल्याचे) आणि सुरक्षा ठेवीची सद्यस्थिती, अशी नावं घेऊन प्रती मागा. अनुपालन अहवाल दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचे असतात. वृक्षारोपण झाल्याचं अहवालात लिहिलं असेल आणि जागेवर नुसती चुरी पडली असेल, तर पट्टेदाराविरुद्धचा पुरावा हातात आला, अर्धं काम तिथेच झालं.

अर्ज कोण करू शकतं?

पट्टा चालू असेल किंवा नुकताच संपला असेल तर खदान पुन्हा हिरवी करण्याचा आराखडा पट्टेदाराने द्यायचा आणि गावाने त्याची मागणी लावून धरायची. खाजगी जमीन असेल तर जमीनमालक अर्ज करतो. सरकारी जमिनीसाठी ग्रामसभेचा ठराव करून ग्रामपंचायतीने जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं. अर्जाची प्रत तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना द्या, आणि तिन्ही ठिकाणची पोच सांभाळून ठेवा.

आपल्याकडे एक गुंता हमखास निघतो तो झुडपी जंगलाचा, म्हणजे विदर्भात महसूल नोंदीत झुडपांची म्हणून लागलेल्या जमिनीचा. सातबाऱ्यावर तशी नोंद असेल तर 22 मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ती वनजमीन धरली जाते. मग महसूल खात्याशी बोलून भागत नाही, उपवनसंरक्षकांकडे जावंच लागतं. वनजमिनीवर पुन्हा वन उभारणं हा वनेतर वापर ठरत नाही, ही त्यातली सोय. पण उद्यान, बोटिंग, हॉल असं काही आराखड्यात घुसवलंत, की केंद्राच्या मंजुरीचा विषय सुरू होतो. नकाशात रेस्टॉरंट काढायचा मोह आवरा.

कागद

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, आठ-अ, गाव नकाशा, भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीची ‘क’ प्रत, ग्रामसभेचा ठराव, वर सांगितलेले खाणपट्ट्याचे कागद, जागेचे तारखेसह फोटो आणि अंदाजपत्रक. पट्टेदार स्वतः अर्ज करत असेल तर रॉयल्टीची थकबाकी नसल्याचा दाखलाही जोडा. मोजणी टाळू नका. खदान पट्ट्याच्या हद्दीबाहेर सरकलेली असणं नवीन नाही, आणि ते उघड झालं की सगळ्या फाइलचा रोखच बदलतो.

पट्टेदार सापडत नसेल किंवा पट्टा फार जुना असेल, तर पैशासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे, म्हणजे पट्टेदारांकडून जमा होणारा निधी खाणबाधित भागासाठी वापरणाऱ्या जिल्ह्याच्या संस्थेकडे, प्रस्ताव द्या. खाणबाधित भागातलं पर्यावरणाचं काम या निधीच्या प्राधान्यक्रमात बसतं.

आराखड्यात काय हवं?

आधी सुरक्षितता. पाण्याने भरलेल्या खदानीत पोरं बुडाल्याची बातमी दर पावसाळ्यात येते, म्हणून कुंपण आणि फलक यांचा खर्च पहिल्या ओळीत हवा. मुरूम-मातीचे उभे कडे 45 अंशांपर्यंत उतरते करा. पाणी बारमाही असेल तर खदान पूर्ण भरण्याचा हट्ट धरू नका. एका बाजूने उतार काढून गुरांच्या पाण्याची सोय होते. कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख भरावासाठी देऊ करणारे भेटतील. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अटी लेखी पाहिल्याशिवाय हो म्हणू नका, आणि पाणी असलेल्या खदानीत तर राख नकोच.

मग माती. खदानीचा तळ म्हणजे सलग काळा पाषाण. खड्डा करून त्यात दोन बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशी ते तसंच दिसलं तर तिथे लावलेलं रोप पावसाळ्यात मुळं कुजून मरेल आणि पंचायत म्हणेल, पाणी कमी पडलं. असा तळ पोकलेनने फोडावा लागतो, वर बोडी-तलावाचा गाळ आणि शेणखत. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने खाप्याजवळच्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याचा प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी) आणि उपयुक्त जिवाणू वापरून झाडं वाढवून दाखवली आहेत. अंदाजपत्रकात मातीसाठी पैसे मागताना हा दाखला द्या.

पहिल्या वर्षी गवत: मारवेल, पवना, सोबत स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक. मग सीताफळ, बोर, खैर, हिवर, पळस, करंज. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा. सुबाभूळ लवकर हिरवं दिसतं म्हणून खपवतात, पण नंतर ते दुसऱ्या कशाला जागा देत नाही.

खड्डे एप्रिल-मेमध्ये, लागवड पहिला दमदार पाऊस झाल्यावर. म्हणजे मंजुरी मार्चपर्यंत हातात हवी आणि अर्ज दिवाळीआधी जायला हवा. अंदाजपत्रकात निदान दोन उन्हाळ्यांचं टँकरचं पाणी आणि राखणदाराची मजुरी धरा. पारा 45 वर गेला की बिनपाण्याचं रोप टिकत नाही. काम पट्टेदार करत असेल तर जगलेली झाडं मोजून तलाठी, वनरक्षक आणि सरपंचांच्या सह्यांचा पंचनामा होईपर्यंत त्याची सुरक्षा ठेव परत करू नये, असं ग्रामसभेच्या ठरावातच लिहून घ्या.