चाव्याची खूण : मागे राहिलेला त्वचेचा प्रश्न

अंगावरच्या चाव्याच्या खुणेवरून न्यायालयात गुन्हेगार ओळखता येतो का, हा वाद सहसा दातांपासून सुरू होतो: प्रत्येकाची दंतरचना खरंच वेगळी असते का, वगैरे. खरी गोम त्वचेत आहे, आणि ती कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. 19व्या शतकातच शरीररचनेच्या अभ्यासकांनी मृतदेहांच्या त्वचेत गोल टोचणीने भोकं पाडून पाहिली होती. ती लांबट झाली, आणि शरीराच्या भागागणिक त्यांची दिशाही बदलली. त्वचेला उपजतच ताण असतो आणि तो सगळीकडे सारखा नसतो, म्हणून तिच्यावर उमटलेली खूणही वेडीवाकडी होते. शल्यचिकित्सक आजही तो बघून छेद घेतात.

न्यायालयांची वाट वेगळी. टेक्सासमधल्या 1954च्या खटल्यात चावा चीजच्या तुकड्यावर होता, त्यामुळे त्वचेचा विषयच निघाला नाही. कळीचा ठरला कॅलिफोर्नियातला 1975चा निकाल. तिथे चावा नाकावर होता. खोल आणि ठसठशीत. साक्षीला आलेल्या दंततज्ज्ञांनीच ही खूण विरळा स्पष्ट असल्याचं सांगितलं होतं. नव्या तंत्राला शास्त्रज्ञांची सर्वसाधारण मान्यता आहे का, ही एरवीची कसोटी न्यायालयाने इथे लावली नाही. दातांचे साचे, छायाचित्रं, एक्स-रे समोर आहेत, ते आम्हाला पाहून ताडता येतात, असा त्यामागचा युक्तिवाद होता. त्या एका नाकापुरता तो कदाचित खपलाही असता. पण पुढच्या खटल्यांनी निकाल तेवढा उचलला आणि 'विरळा' ही अट सोडून दिली. मग मऊ, मांसल भागांवरचे पसरट काळेनिळे डागही पुरावा म्हणून येऊ लागले.

गंमत म्हणजे त्याच 1975 साली डुकराच्या कातडीवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष छापून आले होते. मेणावरचे चावे जवळजवळ अचूक ओळखता आले. कातडीवर मात्र प्रयोगशाळेतल्या उत्तम परिस्थितीतही 24 टक्के ओळखी चुकल्या, आणि चाव्यानंतर 24 तासांनी काढलेल्या छायाचित्रांवरून तर 91 टक्क्यांपर्यंत. हे आकडे वकिलांच्या हाती पडायला फार उशीर झाला.

मधल्या काळात चाव्याच्या साक्षीवर दोषी ठरलेले काही जण डीएनएमुळे सुटले. 2009 नंतर मृतदेहांवर एकाच दंतसाच्याने पुन्हा पुन्हा चावे उमटवून पाहण्यात आले, तर मोजमापात दोन चावे तंतोतंत जुळेनात. समर्थकांचा आक्षेप असा, की मृत त्वचेत रक्ताभिसरण नसतं, सूज येत नाही, तेव्हा हे प्रयोग जिवंत माणसाला लागू होत नाहीत. आक्षेप खरा आहे, पण तो उलटतो. जिवंत त्वचेत रक्त ऊतींमधून झिरपत पसरतं, सूज कडा बुजवते, हातपाय हलले की ताण बदलतो आणि बरं होताना खुणेचा आकार पुन्हा सरकतो. म्हणजे विकृती कमी होण्याऐवजी वाढण्याचीच कारणं जास्त.

2016मध्ये टेक्सासच्या न्यायवैद्यक आयोगाने हा पुरावा तूर्त थांबवण्याची शिफारस केली.