निकेल की क्रोम? जुन्या ड्रमचा मुलामा ओळखताना

डब्ल्यूएफएल या अमेरिकी कंपनीच्या एका जुन्या स्नेअर ड्रमचे दोन्ही हूप (कातडं ताणून धरणारी धातूची कडी) रात्री धुऊन ठेवले, तेव्हा ट्यूबलाइटखाली ते जुळे भाऊ वाटत होते. सकाळी खिडकीतल्या उजेडात पाहिलं तर वरचा हूप निळसर, थंड, थेट आरसा. खालचा मात्र किंचित पिवळा; कोऱ्या चहात पाणी जास्त झालं की येतो तसा. वर क्रोम, खाली निकेल. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी वरचा हूप बदलला होता. वरच्या हूपवर काठ्यांचा मार बसतो, त्यामुळे तोच आधी वाकतो, तोच आधी बदलला जातो.

दोन्ही मुलामे चकचकीत आणि रुपेरी असल्याने गफलत होतेच. पण खरा घोटाळा वेगळाच आहे: शोभेचं क्रोम बहुतेक वेळा निकेलवरच चढवलेलं असतं. आधी निकेलचा थर (त्याखाली कधी तांब्याचाही), आणि वर क्रोमचा पापुद्रा, साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन. म्हणून क्रोमचा हूप जिथे झिजतो तिथे खालून पिवळसर निकेल डोकावतं, आणि घाईत बघणारा अख्खा हूपच निकेलचा समजून बसतो. तेव्हा काठ्या लागलेल्या कडेवरून निकाल देऊ नका. हात न लागलेली जागा बघा: लगच्या (हूप ताणणारे स्क्रू ज्यात बसतात तो ड्रमच्या अंगावरचा धातूचा तुकडा) खालची किंवा हूपच्या आतली.

रंगाची परीक्षा दिवसाउजेडी करायची आणि शेजारी खात्रीचं क्रोम धरायचं. बाथरूमचा नवा नळ बहुतेक क्रोमचाच असतो. लग काढून नळाजवळ न्या. निकेल असेल तर नळापुढे ते लगेच जुन्या चांदीसारखं उबदार दिसतं. हे एकदा दिसलं की पुढे नळाची गरज पडत नाही.

दुसरी परीक्षा फडक्याची, आणि माझा भरवसा हिच्यावर जास्त. सुटा भाग आधी साबणाने नीट धुवा, नाहीतर साध्या मळानेच फडकं काळं होईल. मग पांढऱ्या सुती फडक्यावर मेटल पॉलिशचा थेंब घेऊन न दिसणाऱ्या कोपऱ्यात चार वेळा फिरवा. फडकं काळं पडलं तर निकेल. क्रोमवर फडकं जवळपास तसंच राहतं. तो काळा रंग म्हणजे मुलाम्यातून निघालेलं निकेल, हे मात्र लक्षात ठेवा. चाचणी म्हणून ठीक आहे, रोज करायची नाही.

चुंबक या भांडणात कामाचं नाही, तरी ते जवळ असू द्या. निकेल स्वतः चुंबकाकडे ओढलं जातं, पण मुलाम्याचा थर इतका पातळ असतो की फ्रिजवरच्या साध्या चुंबकाला तो जाणवत नाही. शिवाय क्रोमच्या पोटातही निकेल आहेच. चुंबक सांगतं ते मुलाम्याखालच्या धातूबद्दल: पोलाद की पितळ. माझ्या वरच्या हूपला चुंबक चिकटलं, खालच्याला नाही. वर पोलादावर क्रोम, खाली पितळेवर निकेल. दोन हूप एका घरचे नाहीत, याचा हा दुसरा पुरावा.

मग मुलाम्यावरून ड्रमचं वय काढता येतं का? थोडंफार. शोभेचं क्रोम बाजारात आलं ते 1920च्या दशकाच्या मध्यावर, त्यामुळे त्याआधीच्या ड्रमवर क्रोम दिसलं तर तो भाग नंतरचा आहे किंवा त्याला पुन्हा मुलामा दिला आहे. पुढची बरीच वर्षं अमेरिकी कॅटलॉगमध्ये निकेल हे नेहमीचं, तर क्रोम जादा पैसे मोजून मिळणारं. 1960च्या दशकात क्रोमच सर्रास झालं. म्हणजे निकेल दिसलं की ‘खूप जुना’ आणि क्रोम दिसलं की ‘नवा’, असा सरळ हिशेब चालत नाही. 1930च्या दशकातला हौशी वादक जादा पैसे देऊन क्रोम घेऊन गेलेला असू शकतो. वयासाठी बॅजही, म्हणजे ड्रमवरची कंपनीच्या नावाची पट्टी, वाचा. डब्ल्यूएफएल ही विल्यम एफ. लुडविगची आद्याक्षरं. आधीची कंपनी कॉन या वाद्यकंपनीला विकल्याने 1937मध्ये नवा कारखाना काढताना बिचाऱ्याला स्वतःचंच आडनाव वापरता येईना. ते नाव 1955मध्ये परत विकत घेतलं. म्हणून डब्ल्यूएफएलचा बॅज मूळचा असेल तर ड्रम साधारण त्या अठरा वर्षांतला. मधल्या युद्धकाळात अमेरिकेत वाद्यातला धातू वजनाच्या दहा टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा लग आणि हूप लाकडाचे झाले. स्लिंगरलँड या दुसऱ्या ड्रम कंपनीचे ‘रोलिंग बॉम्बर’ ते हेच. त्यांच्यापुढे मुलाम्याचा प्रश्न फारसा उरतच नाही.

आता साफसफाई, कारण ओळख पटवायची ती मुख्यतः यासाठी. दोघांचं म्हातारपण वेगळं असतं. निकेल मंदावतं, करडं-धुरकट होतं. पितळेवर असेल आणि मुलामा फाटला असेल तर हिरवे ठिपके येतात. क्रोम मंदावत नाही. त्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात, त्यातून पोलादाचा तांबूस गंज वर येतो, नाहीतर खपल्या निघतात.

क्रोमवरच्या गंजाला स्वयंपाकघरातला फॉइलचा चुरगळलेला गोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. गंज उतरतो, भोकं राहतात. त्यावर मशीन ऑइलचा पुसट हात द्यायचा. खपली गेलेलं क्रोम कुठल्याच पॉलिशने परत येत नाही. निकेलवर मी फॉइल लावत नाही. तिथे कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, आणि फारच गरज असेल तर पॉलिशचा एक हात. वर मेण. सुरुवातीच्या काळात एक लग ‘अजून चमकू दे, अजून चमकू दे’ करत मी इतका घासला की कडेला पिवळंधमक पितळ उघडं पडलं. तो लग आता ड्रमच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून आहे.

पितळेच्या समईला चालतात ते उपाय इथे आणू नका. चिंच आम्ल आहे, भांड्यांची पावडर खरखरीत आहे, आणि निकेलचा थर समईच्या पितळेसारखा जाडजूड नाही. संडास धुवायचं आम्ल तर दोघांवरही नको: हायड्रोक्लोरिक आम्लात क्रोम चक्क विरघळतं.

‘सगळंच नवं प्लेटिंग करून टाकू’ हा सल्ला फुकट मिळतो. प्लेटिंगवाला जुना मुलामा उतरवतो, मग बफ (घासून चकाकी आणणारं चाक) मारतो, आणि बफखाली ठोकलेली अक्षरं बुजतात, लगच्या धारदार कडा गोल होतात. जुन्या स्ट्रेनरवरचं (स्नेअरच्या खालच्या तारा ताणणारा खटका) नाव बोटाला जाणवेनासं झालं असेल तर तिथे बफ फिरलेला आहे असं समजा. पितळेचे भाग हे निदान सोसतात. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव लग मात्र मुलामा उतरवायच्या आम्लात स्वतःच खाल्ले जातात.

माझ्या स्नेअरवर वरचा क्रोमचा हूप तसाच ठेवलाय. तो सरळ आहे, कातडं नीट बसतं. निकेलचा, पितळेचा, आठ कानांचा (स्क्रू अडकवायच्या आठ जागांचा) जोडीदार मिळेपर्यंत तोच मार खाईल. खालच्या हूपला फक्त साबण आणि मेण लावलंय.