पायाखालचा बर्फ वाचताना

हिवाळ्यात डोंगर दुरून एकसारखा पांढरा दिसतो. चालू लागलं की कळतं, बर्फ जागोजागी वेगळा आहे. इथे भुसभुशीत, पुढच्या वळणावर टणक आणि निसरडा, त्यापुढे वर कडक पापुद्रा अन् आत पोकळ. नकाशावर न दिसणारी ही वाट वाचायला शिकणं मला हिवाळी ट्रेकमधलं सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य वाटतं.

बर्फ इतका बदलतो, कारण तो नेहमीच वितळण्याच्या बेतात असतो. उणे 10 अंश सेल्सिअसला आपण गारठतो, पण निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे शक्य तितक्या सर्वांत कमी तापमानापासून (सुमारे उणे 273 अंश) मोजलं तर बर्फ तेव्हा आपल्या वितळबिंदूच्या 96 टक्क्यांवर पोहोचलेला असतो. लोखंडाला तितक्याच प्रमाणात तापवायचं तर सुमारे 1470 अंशांपर्यंत न्यावं लागेल! अशा पदार्थाचे रेणू एका जागी टिकत नाहीत. हिमकणांच्या नाजूक टोकांवरून ते वाफ होऊन सुटतात आणि कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे पुन्हा गोठतात. त्यामुळे कण गोलसर होतात, सांधले जातात. ताज्या कोरड्या हिमाचा एक घनमीटर बऱ्याचदा 50 ते 100 किलोच भरतो, तर सघन बर्फाचा 917 किलो. नव्या हिमात बहुतांश हवाच असते. पाऊल पडलं की कण दाबले जाऊन भिडतात आणि काही तासांत ठसा घट्ट होतो. म्हणून पुढच्याच्या ठशात पाऊल टाकत जावं. गुडघाभर हिमात स्वतः वाट पाडायची तर कडक वाटेच्या कितीतरी पट शक्ती खर्च होते; गटाने पुढचा माणूस सतत बदलत राहावा.

हिवाळा सरताना हाच गुण उलटतो. पायांनी दाबलेला पट्टा उशिरा वितळतो आणि मऊ हिमात उंचवट्यासारखा उरतो. त्यावरून एक पाऊल बाजूला पडलं की माणूस मांडीपर्यंत रुततो. उन्हाने तापलेल्या खडकांभोवतीही आतून पोकळी झालेली असते, तिथे वळसा घ्यावा.

निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता फेकतो आणि हवेहूनही थंड होतो. आदल्या दुपारी ओला झालेला थर गोठून पहाटे टणक होतो. त्यावर साधे बूट घसरतात, क्रॅम्पॉनची (बुटाखाली बांधायच्या लोखंडी दात्यांची) पकड मात्र छान बसते. उन्हं चढली की तोच थर लगदा होतो. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड केलेले उतार आधी मऊ पडतात. म्हणून अनुभवी गिर्यारोहक अंधारात निघतात.

सगळ्यात फसवा बदल मात्र डोळ्यांना दिसत नाही. जाड हिमाखाली जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास राहतं, वर ते उणे 20 असू शकतं. हा फरक मीटरमागे सुमारे 10 अंशांच्या पुढे गेला की खालची वाफ वर सरकते आणि सांधलेल्या कणांऐवजी टोकदार, साखरेसारखे सुटे कण वाढू लागतात. त्यांच्यावर नवं हिम साचलं, वाऱ्याने ते दाबून त्याची सलग थरासारखी पाटी झाली, की एका माणसाच्या वजनानेही ती पाटी निसटू शकते. अशी बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. त्याहून उभ्या चढावर हिम सहसा फार साचत नाही. कमी उतारावर ते क्वचितच सुटतं, पण वरून आलेला लोट तिथपर्यंत पोहोचतो. मोठ्या हिमवर्षावानंतरचे किंवा जोरदार वाऱ्यानंतरचे एक-दोन दिवस विशेष धोक्याचे. पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा पावलापासून भेग धावत गेली, तर खालचा कमकुवत थर कोसळला असं समजावं आणि सौम्य उतारावरून, वर उभा चढ नसलेल्या वाटेने मागे फिरावं. गाडला गेलेला माणूस जगण्याची शक्यता पहिल्या 10 ते 15 मिनिटांनंतर झपाट्याने घटते. त्यामुळे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा शोधायचं रेडिओ उपकरण), शोधकाठी आणि फावडं प्रत्येकाच्या स्वतःच्या पाठीवर हवं.