मंगळाच्या दगडातला तो ‘किडा’, खरं काय ते

"मंगळावरून आलेल्या दगडात नासाला किडे सापडले, मग प्रकरण दाबलं" हा फॉरवर्ड परत फिरतोय, सोबत तो अळीसारख्या आकाराचा फोटो. फोटो खरा आहे, दावा नाही, आणि दाबलं तर काहीच नाही, उलट १९९६ मध्ये खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन या दगडातल्या संभाव्य जीवांच्या खुणांवर जाहीर बोलले होते.

दगड म्हणजे अ‍ॅलन हिल्स ८४००१. १९८४ ला अंटार्क्टिकात मिळाला, वजन जेमतेम दोन किलो, आणि मंगळाचाच आहे हे पक्कं. आता साइज बघा, त्यातले बरेचसे अळीसारखे आकार २० ते १०० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). जिवंत पेशीत डीएनए, रायबोसोम (प्रथिनं बनवणारा पेशीतला भाग), वरचं आवरण हे सगळं बसवायचं तर साधारण २०० नॅनोमीटर तरी व्यास लागतो, अहो एकटा रायबोसोमच २० च्या आसपास असतो, मग जागा उरते कुठे? शिवाय इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी नमुन्यावर धातूचा पातळ थर चढवतात, त्यानेही असे वळ्यावळ्यांचे आकार दिसू शकतात.

खरा वाद रंगला तो दगडातल्या मॅग्नेटाइटच्या, म्हणजे लोहाच्या एका चुंबकीय खनिजाच्या कणांवर, कारण काही बॅक्टेरिया अगदी तसेच कण बनवतात. पण लोहाचं कार्बोनेट जोरात तापलं की मॅग्नेटाइट जीवाशिवायही तयार होतं, हे लॅबमध्ये करून दाखवलंय. राहिले दगडात सापडलेले सेंद्रिय, म्हणजे कार्बनवाले रेणू, तर २०२२ च्या अभ्यासात ते मंगळावरच पाणी आणि खडकाच्या रिअ‍ॅक्शनमधून बनल्याचं दिसलं, आणि मला तरी हे किड्यापेक्षा जास्त भारी वाटतं.